उजेड न दिसणारी पाटी

झर्वाया टर्नीशी माझं लग्न झालं.

आता हे वाक्य विसरून जा. असं काही झालेलं नाही. ही गोष्ट घडत होती तेव्हा असं होईल म्हणणारा एकही माणूस अख्ख्या वेस्ट हार्लो गावात नव्हता, आणि त्यात मीही आलो. तेव्हा तुम्हीही उगाच शहाणपणा करून पुढचं धरून बसू नका. झर्वाया तिच्या बापाच्या घरी आहे, मी, झोफर बेकली, कॅप्टन हबेल यांच्या बंदुकीच्या कारखान्यात आहे, आणि आमच्या दोघांच्या मध्ये एक लोखंडाची पाटी आहे. तिला पोट सुटलंय.

पोटाचं सांगतो. बंदुकीच्या कुशीला तळहाताएवढी लोखंडी पाटी असते. घोडा, कमान, चाप, सगळा संसार तिच्यावर बसतो. लोहार ती ठोकून देतो आणि आम्ही कानसवाले ती घासून सपाट करतो. सपाट म्हणजे पोलादाची सरळ पट्टी तिच्यावर उभी धरून खिडकीसमोर नेली, तर मधून उजेडाची रेघसुद्धा दिसता कामा नये. ऐकायला सोपं आहे. पण कानस पुढे ढकलताना हात आधी एकीकडे झुकतो, मग दुसरीकडे झुकतो, कडा जास्त घासल्या जातात आणि मधे फुगवटा राहतो. सगळ्यांचंच सुरुवातीला असं होतं. पुढे बऱ्यापैकी हात बसतो. माझा बसला नाही. माझी पाटी टेबलावर ठेवून टिचकी मारली की ती गोल फिरायची. दुपारच्या सुट्टीत लोक तिच्यावर पैजा लावायचे.

झर्वायाचे वडील असाहेल टर्नी हे प्रार्थनाघराचे डीकन, म्हणजे कारभारी, आणि आमचे मुख्य कानसवाले. खिडकीजवळचं बाक त्यांचं. रविवारी ते प्रार्थनाघरात पुढच्या रांगेत बसत आणि बाकीचे दिवस खिडकीत बसत, आणि दोन्हीकडे त्यांची नजर एकच गोष्ट शोधत असायची: कुठून फट दिसतेय का.

मी झर्वायाला मागणी घालायला गेलो तेव्हा ते जेवत होते. त्यांनी मक्याच्या भाकरीवर काकवी ओतली, ती सगळीकडे सारखी पसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "झोफर, तुझ्या पाटीतून मला काल समोरची टेकडी दिसली."

"धुकं नव्हतं काल, डीकनकाका."

"टेकडीवरच्या गाईसुद्धा दिसल्या."

स्वयंपाकघरातून झर्वाया हसली. ते हसणं माझ्या बाजूचं होतं की गाईंच्या, ते कळलं नाही.

पुढच्या रविवारी प्रवचन सुटल्यावर डीकनकाकांनी प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर उभं राहून सगळ्या गावासमोर सांगून टाकलं: "जो कोणी माझ्या डोळ्यांदेखत उजेड न दिसणारी पाटी करून दाखवील, त्याच्या हाती मी झर्वायाचा हात देईन." आमच्याकडे पायऱ्यांवर बोललेला शब्द परत घेता येत नाही. पायऱ्यांखाली बोललेला घेता येतो, म्हणून घोड्यांचे सौदे खाली होतात.

"म्हणजे झालंच की," झर्वाया मला कुंपणापाशी म्हणाली. "मी म्हातारी होईपर्यंत वाट बघते. तोवर तुझी कानस झिजेल, निदान."

"तुला दुसरा कुणी चालेल का?"

"गावात अगदी सपाट पाटी करणारे दोघेच. एक बाबा, दुसरे एलिहूकाका, त्यांना धड दात नाहीत. तूच बघ काय ते."

मी बघितलं. सबंध वसंत मी कानस मारली. गेल्या वर्षी आमच्याकडे उन्हाळा आलाच नव्हता, जूनमध्ये बर्फ पडलं होतं, आणि यंदा सूर्य परत आलाय म्हणून गाव नुसतं खुशीत होतं. मी सोडून. सूर्य आल्याने माझ्या पाटीखालचा उजेड वाढला होता.

एके दिवशी अकरा वाजता, कारखान्यात रोजचा रमचा मग फिरत असताना, मी आमच्या जेडुथन लोहाराच्या फिरत्या दगडाकडे बघत बसलो होतो. जेडुथन त्यावर कुऱ्हाड लावत होता. दगड पाणचक्कीवर फिरत होता. तो कुठेही झुकत नव्हता. त्याला खांदे नव्हते, कोपर नव्हतं, डीकनच्या मुलीचा विचारही त्याच्या डोक्यात नव्हता.

"जेडुथन," मी म्हणालो, "दगडाऐवजी गोल कानस फिरवली तर?"

"आणि पाटी?"

"पाटी खालून सरकवायची. सरळ. पाटावर बसवून."

"आणि तू?"

"मी काहीच करायचं नाही. बिघडतं ते माझ्यामुळेच."

जेडुथनने मगातली रम संपवली. "झोफ्या," तो म्हणाला, "स्वतःला इतकं नेमकं ओळखणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

कॅप्टन हबेलची परवानगी लागणार होती. कॅप्टनसाहेब गावच्या पलटणीचे कॅप्टन. त्यांनी लढाई कधी बघितली नव्हती, पण कवायतीच्या दिवशी ते अशा आवाजात ओरडत की शत्रूने ऐकलं असतं तर मनावर घेतलं असतं. ते म्हणाले, "ओढ्याचं पाणी फुकट आहे. लाकूड मागच्या अंगणात आहे. मला काही विचारायचं नाही, या अटीवर काय हवं ते कर." कारखान्याची व्यवस्था ते असंच बघत.

जेडुथनने पोलादाची जाड चकती ठोकून दिली. तिच्या कडेवर मी छिन्नीने दाते पाडले, कानशीला असतात तसे बारीक, एकाला एक लागून. मग तिला पाणी द्यायचं होतं. लाल करून बुडवली, तर टिंग असा गोड आवाज आला आणि तिचे दोन भाग झाले. दुसरी फुटली नाही, पण अंड्याच्या आकाराची होऊन वर आली. तिसरी बरीच गोल होती. म्हणजे बटाटा गोल असतो तितकी. मी ती दगडावर लावून गोल केली, दाते पुन्हा पाडले, पुन्हा पाणी दिलं, आणि या वेळी मी डोळे मिटून घेतले. त्याचा उपयोग झाला असावा.

चकती आडव्या दांड्यावर बसवली. दांड्यावर पाणचक्कीचा पट्टा चढवला. चकतीच्या खाली लाकडाच्या दोन रुळांमधून सरकणारा पाट, पाटावर पाचरी ठोकून घट्ट बसवलेली पाटी, पाटाच्या पलीकडच्या टोकाला दोर, आणि दोर गुंडाळायला विहिरीवर असतो तसा छोटा रहाट. दाते पाटीवरून ज्या दिशेने जाणार त्याच दिशेला रहाट, म्हणजे दोर ओढला की पाटीही दात्यांबरोबर तिकडेच जाणार. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. कानस ज्या दिशेला कापते त्याच दिशेला माणूस जोर लावतो. आम्ही सगळे कानसवाले. आम्हाला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आम्ही रहाट तिथेच लावला असता.

पहिल्या दिवशी पाटी कापलीच गेली नाही. बारीक दात्यांमध्ये लोखंडाचा कीस भरला, चकती आरशासारखी गुळगुळीत झाली आणि पाटीवर नुसती घासून किंचाळायला लागली. गावातली कुत्री ओढ्याकडे तोंड करून बसली. पाद्रीबाबांनी निरोप पाठवला की ते नरकावर प्रवचन लिहीत आहेत, आवाजाची मदत होतेय, पण आता पुरे.

"दाते फार आहेत," मी म्हणालो. "मधला कीस बाहेर पडायला जागा हवी. एक सोडून एक दाता काढू."

"विरळ दातांची कानस?" जेडुथन म्हणाला. "एलिहूकाकांसारखी?"

"एलिहूकाका अजून मक्याची कणसं खातात."

"कशी खातात ते बघितलंयस का?"

तरी त्याने नवी चकती करून दिली. मी मोठे, लांब लांब दाते पाडले, आणि या वेळी पट्टा चढवल्यावर चकतीने खरोखर लोखंडाचा लचका तोडला. आम्ही ओरडलो. जेडुथन रहाटाशी होता. त्याने दोर आणखी थोडा ओढला. चकतीला पाटीची चव कळली असावी, कारण तिने पाटी तोंडात धरली, पाट आपणहून पुढे धावला, पाचरी उडाल्या आणि पाटी सुटली. ती जेडुथनच्या डोक्यावरून गेली, त्याची टोपी बरोबर घेऊन गेली, त्याच्या पाठीमागच्या लाकडी भिंतीतून बाहेर पडली आणि दोघी मिळून शेजारीच राहणाऱ्या डीकनकाकांच्या सफरचंदाच्या झाडात जाऊन बसल्या.

झर्वाया परसातून ओरडली, "झोफर! ही टोपी तुझी का?"

"जेडुथनची!"

"पाटी?"

"पाटी माझी!"

तिने झाडावर चढून पाटी काढली, उजेडासमोर धरली. "हिला आता पोट नाहीये," ती म्हणाली. "पाठ मोडलीय."

आम्ही पाचरी वाढवल्या. दुसरी पाटी कवायतीच्या दिवशी उडाली. मैदानात पलटण रांगेत उभी होती, कॅप्टनसाहेब सफरचंदाच्या दारूच्या पिंपापाशी उभे राहून हुकूम देत होते, आणि पाटी कारखान्याच्या खिडकीतून निघून थेट पिंपात घुसली. दारूची धार लागली. पलटणीने त्या दिवशी पहिल्यांदाच एकदम आणि एका तालात हालचाल केली.

कॅप्टनसाहेबांनी अंतर डोळ्यांनी मोजलं. मग ते कारखान्यात आले. मला वाटलं, संपलं.

"झोफर," ते म्हणाले, "आपल्या बंदुकीची गोळी त्या पिंपापर्यंत पोचत नाही."

"हो, साहेब."

"मी विचार करतोय, बंदूक कशाला करायची? नुसत्या पाट्याच दिल्या सरकारला तर?"

ते जाऊन बराच वेळ झाला तरी ते थट्टा करत होते की नाही, यावर आमचं एकमत झालं नाही.

तिसरी पाटी जेडुथनच्या कानाजवळून गेली. त्याने रहाटाचा दांडा सोडला, कमरेला बांधलेलं चामडं सोडलं, घडी घातली आणि म्हणाला, "मी तिथे उभा राहणार नाही."

"मग दोर कोण ओढणार?"

"तू ओढ."

मी रहाटामागच्या त्या भिंतीकडे बघितलं. तिला एवढी मोठी भोकं पडली होती की तिच्यातून पलीकडचं परस, झाड, आणि कपडे वाळत घालणारी झर्वाया असं सगळं दिसत होतं. दृश्य चांगलं होतं. तरी मला तिथे उभं राहावंसं वाटलं नाही.

"मग रहाटच उचलून मागच्या टोकाला नेऊ," जेडुथन म्हणाला. "पाटी पुढे उडते ना? आपण मागे उभे राहू."

"मागून ओढलं तर पाट उलटा येईल. दात्यांच्या विरुद्ध."

"येऊ दे. मला बायको आहे."

ते चुकीचं होतं. कुठल्याही कानसवाल्याने सांगितलं असतं. दात्यांच्या तोंडावर पाटी घेऊन जाणं म्हणजे कानस आपल्याकडे ओढून घासल्यासारखं, शिकाऊ पोरालाही त्यावर बोलणी बसतात. पण भीती फार होती. आम्ही रहाट मागे नेला, पाट दुसऱ्या टोकाला सरकवला, पट्टा चढवला, दोघेही रहाटाच्या खाली बसलो आणि नुसते हात वर काढून दांडा फिरवायला लागलो.

कुरकुर असा आवाज येत राहिला. संथ, एकसारखा. लोखंडाच्या बारीक साली सोलून पडत होत्या. कुणाचीही टोपी गेली नाही. कुठे काही फुटलं नाही.

"बिघडलं वाटतं," जेडुथन खालून म्हणाला.

पाट टोकाला येऊन थांबला. मी हळूच डोकं वर काढलं. पाटी जागच्या जागी होती. तिच्यावर ओळीने बारीक रेघा होत्या, नांगरलेल्या शेतासारख्या. मी सरळ पट्टी तिच्यावर उभी धरली आणि खिडकीकडे नेली.

अंधार.

मी पट्टी आडवी लावली, तिरकी लावली. अंधार. इतका सुंदर अंधार मी आयुष्यात बघितला नव्हता.

डीकनकाका आले. त्यांनी पाटी घेतली, आपल्या बाकावर गेले, चष्मा पुसला, बघितलं. चष्मा पुन्हा पुसला. मग दुसऱ्या खिडकीत गेले. मग सूर्य ढगाआड आहे म्हणून थांबले. सूर्य बाहेर आला. त्यांनी बघितलं आणि मग सूर्याकडे संशयाने बघितलं. "गेल्या वर्षीपासून याचा भरवसा राहिलेला नाही," ते म्हणाले.

"डीकनकाका, उजेड दिसतोय का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? ही तू कुठे केलीस? ओढ्याने केली."

"ओढ्याला मी कामाला लावलं."

"तू दोर ओढलास. दोर काय, मेहिटाबेल म्हातारीही ओढील."

हे त्यांनी बोलायला नको होतं, कारण मेहिटाबेल आजी खिडकीबाहेरच उभी होती. पाटी तिच्या कोंबड्यांकडे कधी येते ते बघायला ती रोजच येऊन उभी राहायची. ती आत आली, रहाटाशी स्टुलावर बसली, हातातलं विणकाम एका काखेत धरलं आणि दुसऱ्या हाताने दांडा फिरवला. जेडुथनने तिच्यासाठी नवी पाटी बसवून दिली होती. पाट टोकाला आला. डीकनकाकांनी खिडकीत नेऊन बघितलं.

अंधार.

"तर मग," मेहिटाबेल आजी म्हणाली, "मुलीचा हात माझा. तिला सोमवारी पाठवून दे, धुणं खूप साठलंय."

यानंतर जे झालं ते आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. पायऱ्यांवरचे शब्द सगळ्या गावाने ऐकलेले होते. जो कोणी, असं डीकनकाका म्हणाले होते. खाणावळवाल्याने एक पाटी केली. अंधार. पाद्रीबाबा नुसते चौकशीला आले आणि जाताना त्यांच्या हातात पाटी होती. अंधार. एलिहूकाकांनी आयुष्यभर कानस मारून जशी केली होती तशीच पाटी त्यांनी डुलक्या घेत घेत केली, जागे होऊन तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अजून एक करू का?" कॅप्टनसाहेबांनी केली आणि आपण कॅप्टन आहोत हे त्या पाटीवर कोरून घेतलं. जेडुथननेही केली. त्याची बायको तिथेच उभी होती. तिने पाटी त्याच्या हातातून घेतली आणि तिच्याच कडेने त्याच्या पोटात ढोसलं.

लोक गोड वडे तळून आणायला लागले. बाहेर रांग लागली. संध्याकाळपर्यंत झर्वायाच्या हातावर हक्क सांगणारी माणसं इतकी झाली की तिला तेवढे हात असते तर कारखाना एकटीने चालवला असता. आणि मी? मी सगळ्यांच्या पाट्या काढत-घालत होतो, पाचरी ठोकत होतो. माझी स्वतःची पाटी ओढ्याच्या नावावर गेली होती. अख्ख्या वेस्ट हार्लोत झर्वायावर हक्क नसलेला मी एकटाच उरलो होतो. यंत्र इतकं चांगलं चाललं होतं की मला रडू यायचंच बाकी होतं.

डीकनकाका आपल्या बाकावर बसले होते. समोर पाट्यांची चळत. ते एकेक उचलून उजेडात धरत होते आणि दर वेळी थोडे आणखी वाकत होते.

तेवढ्यात झर्वाया आली. तिने बाह्या वर सारलेल्या होत्या. रांगेतल्यांना वाटलं, वडे आणले. तिने कुणाकडे बघितलं नाही, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पाटी बसव."

मी बसवली. पाचर दोनदा निसटली.

"हळू," ती म्हणाली. "मी कुठे पळून चाललेय का?"

तिने दांडा फिरवला. घाई केली नाही. ऐकू येत होती फक्त ती कुरकुर आणि बाहेरचा ओढा. मग तिने पाटी काढली, पदराने पुसावी तशी झग्याने पुसली आणि बापासमोर नेऊन ठेवली.

"बघा, बाबा."

डीकनकाकांनी बघितलं. "नाही दिसत उजेड."

"तुम्ही म्हणाला होतात, जो कोणी."

"म्हणालो होतो."

"मी कुणी आहे की नाही?"

डीकनकाकांनी चष्मा पुसला आणि तिच्याकडे बघितलं. कुठून फट दिसतेय का, ते बघत असावेत. दिसली नाही.

"आहेस," ते म्हणाले.

"मग माझा हात माझ्या हाती द्या."

"आधी माझा नंबर!" मेहिटाबेल आजी ओरडली.

"आजी, एक सोमवार येऊन धुणं धुऊन देते."

"दोन."

"दीड. वाळत तुम्ही घालायचं."

"बरं बाई." आजीने हक्क सोडला. तिचं बघून बाकीच्यांनीही सोडला. कॅप्टनसाहेबांनी तेवढं विचारलं की पाटी ठेवून घेतली तर चालेल का.

डीकनकाका उठून यंत्रापाशी आले. पट्टा उतरवायला लावला. चकती थांबल्यावर त्यांनी तिच्या दात्यांवरून अंगठा फिरवला, एकेक करून, सगळीकडून. "हे कुणी पाडले?"

"मी."

"कशाने?"

"छिन्नीने. हाताने."

"हं," डीकनकाका म्हणाले. "हे सारखे आहेत." मग आणखी एकदा अंगठा फिरवला. "कानस मारायला तुला जन्मात येणार नाही. पण हे सारखे आहेत." आणि आपल्या खिडकीत जाऊन बसले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी स्तुती होती. याहून मोठी त्यांनी देवाचीही केलेली मला आठवत नाही.

झर्वाया अजून तिथेच उभी होती. तिचा हात आता कायद्याने तिचा होता, आणि लोखंडाच्या किसाने काळा झालेला होता.

"बोल की," ती म्हणाली. "इतके दिवस बोलत होतास."

"तो हात... सध्या मोकळा आहे का?"

"आहे. पण आधी तुझा धू."

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, असं आपलं ठरलेलं आहे. तर: शरद ऋतूत आमचं लग्न झालं, त्याआधी रिवाजाप्रमाणे पाद्रीबाबांनी तीन रविवार प्रार्थनाघरात आमची नावं पुकारली, आणि या यंत्रासारखी आणखी यंत्रं बसवायची असल्याने कॅप्टनसाहेबांनी मला दाते पाडणारा म्हणून ठेवून घेतलं. नंतर मार्चमध्ये गावसभा झाली. आमच्याकडे नव्या नवऱ्याला गावची मोकाट डुकरं धरायच्या कामावर निवडून द्यायची पद्धत आहे. हात वर करून निवडतात. माझ्यासाठी सगळे हात वर झाले. सगळ्यात उंच हात झर्वायाचा होता. म्हणून मी खालील अर्ज पंचांकडे दिला आहे.

वेस्ट हार्लो गावच्या मा. पंचांस,

अर्जदार झोफर बेकली सादर विनंती करतो की, अर्जदाराचं लग्न हे भर गावासमोर यंत्रामुळे जमलं असून, त्यात अर्जदाराचं स्वतःचं कर्तृत्व नाही असं खुद्द डीकन टर्नी यांचं म्हणणं आहे. सबब, नव्या नवऱ्याकडे येणारं डुकरं धरण्याचं काम न्यायाने सदर यंत्राकडे सोपवावं व त्यास रीतसर शपथ द्यावी. यंत्रास जागा सोडता येत नसल्याने, गावातील सर्व डुकरांनी कामकाजाच्या वेळेत कारखान्याच्या दाराशी हजर राहून, दात्यांच्या विरुद्ध दिशेने, एका वेळी एक अशी, संथ गतीने पुढे यावं, असा ठराव मा. पंचांनी करावा, आणि तो डुकरांना वाचून दाखवण्याची व्यवस्था गावाने आपल्या खर्चाने करावी, ही विनंती.